विंडोजवर चालतं, लिनक्सवर एरर : बग नक्की कुठल्या कम्पायलरमध्ये?

आजचा अख्खा भाग एका मेसेजवर आहे. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका श्रोत्याने तो पाठवलाय. थोडक्यात मजकूर असा: "दादा, आमचा सी प्लस प्लसचा प्रोजेक्ट व्हिज्युअल स्टुडिओत नीट बिल्ड होतो. एक वॉर्निंग येत नाही. तोच कोड लिनक्सवर जीसीसीला दिला की चाळीस एरर. जीसीसीत बग आहे का? असला तर रिपोर्ट कुठे करायचा?"

प्रश्न मला फार आवडला. रिपोर्ट करायची तयारी आहे, हे तर आवडलंच. आपल्याकडे कम्पायलर म्हणजे देव समजतात. तो ओरडला तर आपलं चुकलं, तो गप्प बसला तर आपलं बरोबर. कम्पायलरसुद्धा माणसांनी लिहिलेला प्रोग्राम आहे आणि त्यात बग असतात, असा संशय तिसऱ्या वर्षाला येणं म्हणजे चांगलंच लक्षण. फक्त या केसमध्ये संशय चुकीच्या आरोपीवर आहे.

तुम्ही हे बसमध्ये, नाहीतर भांडी घासताना ऐकत असणार, त्यामुळे कोड दाखवता येणार नाही. बोलून सांगतो. एक क्लास आहे, मार्कशीट. एक फंक्शन आहे, "बनव". त्याला रोल नंबर दिला की ते मार्कशीटचा ऑब्जेक्ट तयार करून व्हॅल्यू म्हणून परत देतं. दुसरं फंक्शन आहे "छाप". ते मार्कशीटचा रेफरन्स घेतं, साधा रेफरन्स, पुढे कॉन्स्ट नाही. आणि कॉल एका ओळीत केलाय: छाप, कंसात बनव, त्याच्या कंसात रोल नंबर. म्हणजे "बनव"मधून जे बाहेर पडेल ते थेट "छाप"च्या हातात. मध्ये कुठलंही व्हेरिएबल नाही.

यावर जीसीसी म्हणतो की नॉन-कॉन्स्ट रेफरन्स असा टेम्पररीला बांधता येणार नाही. क्लँगही तेच म्हणतो, शब्द थोडे वेगळे. मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर काहीच म्हणत नाही.

आता हा नियम का आहे ते बघू, कारण पाठ करून तो डोक्यात राहत नाही.

"छाप"ने साधा रेफरन्स मागितला याचा अर्थ ते सांगतंय, "मला तुमची वस्तू द्या, मी तिच्यात कदाचित बदल करीन आणि तो बदल तुम्हाला दिसेल." कॉन्स्ट रेफरन्स मागितला असता तर अर्थ झाला असता, "वस्तू द्या, मी फक्त बघतो." वाचनालयाचं पुस्तक. वाचा, पण पेनाने खुणा करू नका. आणि "बनव"मधून आलेला ऑब्जेक्ट टेम्पररी आहे. त्याला नाव नाही, ती ओळ संपली की तो नष्ट. त्याच्यात केलेला बदल बघायला मागे कोणी उरणारच नाही.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. उताऱ्याची झेरॉक्स काढली आणि तिच्यावर पेनाने नाव दुरुस्त केलं. दुरुस्ती अगदी बरोबर आहे, अक्षरही सुंदर आहे, पण रेकॉर्डमध्ये काहीही बदललेलं नाही. त्याला फेरफार नोंद लागते. आणि ती झेरॉक्स तर चहाचा कप ठेवून टाकून दिली. टेम्पररीला नॉन-कॉन्स्ट रेफरन्स बांधणं म्हणजे हेच. झेरॉक्स नुसती वाचायची असेल तर काहीच हरकत नाही, म्हणून कॉन्स्ट रेफरन्स टेम्पररीला बांधता येतो. लिहायचं असेल तर मूळ कागद आणा, असं भाषा म्हणते.

गंमत म्हणजे भाषेलाही हे पहिल्यापासून माहीत नव्हतं. बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी बेल लॅब्जमध्ये १९७९ साली "सी विथ क्लासेस" सुरू केलं, त्याचंच पुढे सी प्लस प्लस झालं. कॉन्स्टची कल्पनाही त्यांचीच. आधी त्यांनी दोन शब्द सुचवले होते, रीडओन्ली आणि राइटओन्ली. त्यातला पहिला कॉन्स्ट या नावाने टिकला आणि सी भाषेनेही घेतला. दुसरा गेला. पण सुरुवातीच्या सी प्लस प्लसमध्ये नॉन-कॉन्स्ट रेफरन्स टेम्पररीला बांधता येत होता. "द डिझाइन अँड इव्होल्यूशन ऑफ सी प्लस प्लस" या १९९४ च्या पुस्तकात ते स्वतःच ही गंभीर चूक होती असं सांगतात. तिथलं उदाहरण अगदी छोटं आहे. एक फंक्शन इंटचा रेफरन्स घेतं आणि त्यात एक मिळवतं. कोणीतरी त्याला डबल देतो. इंटचा रेफरन्स डबलकडे बोट दाखवू शकत नाही, म्हणून कम्पायलर गुपचूप एक टेम्पररी इंट बनवतो, त्यात किंमत कॉपी करतो आणि तो पुढे पाठवतो. एक मिळवला जातो टेम्पररीत. तुमचा डबल जिथल्या तिथे. एरर नाही, क्रॅश नाही, उत्तर तेवढं चुकीचं. १९८९ च्या रिलीज २.० मध्ये हा दरवाजा बंद केला. कॉन्स्ट रेफरन्सला परवानगी राहिली, साध्या रेफरन्सची काढून घेतली.

आता तुमच्यातल्या अनेकांनी ज्या निळ्या स्क्रीनवर सी प्लस प्लस शिकलंय, त्या टर्बोकडे येऊ. बोर्लंडचं टर्बो सी प्लस प्लस हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. सी प्लस प्लसचं पहिलं आयएसओ स्टँडर्ड आलं १९९८ साली. म्हणजे कित्येक कॉलेजांच्या लॅबमध्ये, अगदी आमच्या पिढीपर्यंत, भाषा शिकवली जात होती ती तिचं स्टँडर्ड येण्याआधीच्या कम्पायलरवर. बोर्लंडच्या वॉर्निंगच्या यादीत एक वॉर्निंग होती, साधारण अर्थ असा की "या पॅरामीटरसाठी टेम्पररी वापरलाय". स्पष्टीकरणात लिहिलेलं असायचं की तुमचा रेफरन्स तुम्हाला वाटतंय त्या वस्तूकडे नसून एका टेम्पररीकडे आहे. बघा, कम्पायलरला कळलेलं आहे. तो सांगतोयसुद्धा. पण वॉर्निंग म्हणून सांगतोय. आणि लॅबमध्ये वॉर्निंग कोण वाचतं? आउटपुट आलं, जर्नलवर सही झाली, चला.

व्हिज्युअल सी प्लस प्लसची गोष्ट थोडी वेगळी. तिथे इंट, डबल अशा साध्या टाइपसाठी नियम नीट पाळला जातो. क्लासच्या ऑब्जेक्टसाठी मात्र जुन्या मोडमध्ये सूट आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे उघड लिहिलेलं आहे, लपवाछपवी काही नाही. त्याला ते एक्स्टेन्शन म्हणतात आणि त्याची वॉर्निंगही आहे, सी४२३९. अडचण अशी की ती लेव्हल चारची वॉर्निंग आहे आणि व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट साधारणपणे लेव्हल तीनवर चालतो. त्यामुळे "एकही वॉर्निंग नाही" हे आपल्या श्रोत्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. वॉर्निंग आहे, ती वरच्या मजल्यावर राहते आणि हे कधी तिथे गेलेच नाहीत.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ पासून "परमिसिव्ह मायनस" नावाचा एक स्विच आला. तो लावला की कम्पायलर स्टँडर्डप्रमाणे वागतो आणि हाच कोड तिथेही एरर देतो. आता नव्या प्रोजेक्टमध्ये तो आपोआप चालू असतो. मग या मुलाला एरर का आली नाही? विचारलं तर कळलं की प्रोजेक्ट सीनिअर्सकडून वारशाने आलाय. प्रोजेक्ट फाइल जुनी, तिच्यात हा स्विच नाही.

याला बग म्हणायचं का? भाषेच्या दृष्टीने कम्पायलर चूक आहे. जो प्रोग्राम स्टँडर्डप्रमाणे अवैध आहे, तो त्याने निमूटपणे स्वीकारला. कंपनीच्या दृष्टीने ही जाणूनबुजून दिलेली सवलत आहे, कारण तिच्यावर उभा असलेला जुना कोड जगभर पसरलाय आणि एका अपडेटमध्ये तो सगळा मोडला तर ग्राहक काय म्हणतील? मला दोन्ही बाजू समजतात. पण माझं मत विचाराल तर ही वॉर्निंग लेव्हल चारला ठेवणं मला पटत नाही. सवलत द्या, पण मोठ्याने सांगून द्या.

यात असं काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. आपल्या श्रोत्याचं "छाप" फंक्शन तर काही बदलतच नाही, नुसतं छापतं. बरोबर. त्याचा कोड विंडोजवर योग्य उत्तर देतो. धोका पुढे आहे, आणि तो मार्कशीटपेक्षा पैशांच्या उदाहरणात जास्त नीट दिसतो.

समजा एका दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे. "बिलआण" नावाची मेथड बिल नंबर घेऊन साठ्यातल्या मूळ बिलाचा रेफरन्स देते. "सूटलाव" हे फंक्शन बिलाचा रेफरन्स घेतं आणि त्यात दहा टक्के सूट टाकतं. सगळीकडे एकच ओळ: सूटलाव, कंसात बिलआण, कंसात नंबर. मस्त चालतं. वर्षभराने कोणीतरी म्हणतो की मूळ वस्तूचा रेफरन्स बाहेर देणं बरं नाही, कॉपी देऊ. हा विचार अगदी योग्य आहे. मग तो "बिलआण"च्या रिटर्न टाइपमधलं फक्त अँपरसँडचं एक चिन्ह काढतो. बाकी कुठेही हात लावत नाही.

जीसीसी किंवा क्लँग असेल तर त्या क्षणी सूट लावणाऱ्या प्रत्येक ओळीवर लाल रेघ. साठ ठिकाणी कॉल असतील तर साठ एरर. तो माणूस वैतागेल, शिव्या घालेल, पण त्याला कळेल की या साठ जागा मूळ बिलावर अवलंबून होत्या. जुन्या मोडमधल्या विंडोज कम्पायलरवर काय होईल? बिल्ड सक्सीडेड. झिरो एरर, झिरो वॉर्निंग. आणि त्या दिवसापासून सूट लागते ती झेरॉक्सवर. ग्राहकाच्या बिलात पूर्ण रक्कम. "सूटलाव"ची युनिट टेस्टही पास होते, कारण टेस्टमध्ये बहुतेक वेळा नाव दिलेलं व्हेरिएबल असतं, टेम्पररी नसतो. हा बग सापडणार कोणाला, तर काउंटरवर उभ्या असलेल्या आणि बिल नीट वाचणाऱ्या काकूंना.

म्हणून मला त्या चाळीस एररचा राग येत नाही. त्या आत्ता आल्या, काउंटरवर नाही आल्या.

हे फक्त माझं काल्पनिक दुकान नाही, याचा एक खरा आणि गाजलेला भाऊ आहे. सी प्लस प्लसच्या १९९८ च्या स्टँडर्डमध्ये ऑटो पॉइंटर नावाचा क्लास होता. हीपवरच्या ऑब्जेक्टची मालकी एकाच पॉइंटरकडे असावी, हा त्याचा हेतू. पण त्याची कॉपी विचित्र होती. कॉपी केली की मालकी नव्याकडे जायची आणि जुना रिकामा व्हायचा. म्हणजे झेरॉक्स काढली की मूळ कागद कोरा! साहजिकच त्याचा कॉपी कन्स्ट्रक्टर कॉन्स्ट रेफरन्स घेऊ शकत नव्हता, कारण कॉपी करताना मूळ वस्तू बदलत होती. तो साधा रेफरन्स घ्यायचा.

आता असे ऑटो पॉइंटर व्हेक्टरमध्ये भरले आणि सॉर्ट केलं तर? सॉर्टच्या आत पिव्हट म्हणून एक एलिमेंट लोकल व्हेरिएबलमध्ये कॉपी होऊ शकतो. व्हेक्टरमधली ती जागा रिकामी झाली. फंक्शन संपलं, लोकल व्हेरिएबल मेला आणि जाताना ऑब्जेक्ट डिलीट करून गेला. तुम्ही फक्त क्रम लावायला सांगितलं होतं, डेटाच गेला. स्कॉट मेयर्स यांनी "इफेक्टिव्ह एसटीएल" या २००१ च्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. असा व्हेक्टर बनवायला स्टँडर्डने मनाई केली होती आणि तसा कोड कम्पाईलच होऊ नये अशी अपेक्षा होती. ती अपेक्षा कशाच्या जोरावर? कॉन्स्टच्या. कंटेनर आपले एलिमेंट कॉन्स्ट रेफरन्समधून कॉपी करतो, ऑटो पॉइंटरला कॉन्स्टमधून कॉपी होता येत नाही, म्हणून एरर. जिथे कम्पायलर किंवा लायब्ररी या बाबतीत ढिली होती, तिथे ती भिंतच नव्हती. शेवटी २०११ च्या स्टँडर्डमध्ये युनिक पॉइंटर आला. त्यात मालकी हलवायची तर स्पष्टपणे मूव्ह म्हणावं लागतं. ऑटो पॉइंटर २०१७ मध्ये भाषेतून काढूनच टाकला.

इथे हुशार मंडळी हात वर करतील. "टेम्पररी बदलता येत नाही म्हणतोस, पण टेम्पररीवर नॉन-कॉन्स्ट मेथड तर कॉल करता येते." येते. क्लासच्या टेम्पररीवर डॉट लावून त्याला बदलणारी मेथड बोलावली तर स्टँडर्ड अडवत नाही. म्हणजे भाषा इथे थोडी दुटप्पी आहेच. आणि टेम्पररी मुद्दाम ताब्यात घेऊन बदलायचाच असेल तर २०११ पासून दोन अँपरसँडचा आरव्हॅल्यू रेफरन्स आहे, तो घ्या. म्हणजे नियम "कधीच बदलू नका" असा नाहीच. एका अँपरसँडवाल्या रेफरन्सने टेम्पररीला चुकून गिळू नये, एवढाच त्याचा आग्रह आहे.

बरं, आता त्या प्रोजेक्टकडे येऊ. मला एक गोष्ट खटकत होती. "छाप" काही बदलत नाही, तर लिहिणाऱ्याने मुळात कॉन्स्ट रेफरन्स का घेतला नाही? त्याला म्हटलं, गिटची हिस्टरी बघ. आणि सापडलं! आधी कॉन्स्ट होताच. एका कमिटमध्ये तो काढलाय. कमिट मेसेज काय, तर "फिक्स्ड एरर".

कुठली एरर? "छाप"च्या आत मार्कशीटच्या "टक्के" या मेथडला कॉल आहे. आणि "टक्के" ही मेथड कॉन्स्ट म्हणून जाहीर केलेली नाही. प्रत्येक मेथडला एक छुपा पॅरामीटर असतो, धिस पॉइंटर, म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर मेथड बोलावली तो. मेथडच्या कंसानंतर कॉन्स्ट लिहिलं की धिस हा कॉन्स्ट ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारा होतो. मेथड वचन देते की मी या ऑब्जेक्टला हात लावणार नाही. ते वचन नसेल तर कॉन्स्ट रेफरन्समधून तिला बोलावता येत नाही. मग "टक्के" प्रत्यक्षात काही बदलत नसली तरी हरकत घेतली जाते, कारण कम्पायलर मेथडची जाहिरात बघतो, आतलं वागणं बघत नाही. आणि तेच योग्य आहे. आतला कोड कदाचित दुसऱ्याच फाइलमध्ये असतो आणि उद्या बदलू शकतो.

तर सीनिअरपुढे दोन रस्ते होते. "टक्के"ला कॉन्स्ट लावायचा, किंवा "छाप"चा कॉन्स्ट काढायचा. दुसरा रस्ता पाच सेकंदांचा होता. आणि इथून सगळी साखळी लागते. "छाप"चा कॉन्स्ट गेला, म्हणून तो नॉन-कॉन्स्ट रेफरन्स झाला, म्हणून टेम्पररीला बांधणं बेकायदा झालं, पण जुन्या मोडच्या विंडोजवर ते खपून गेलं, म्हणून दोन वर्षांनी लिनक्सवर चाळीस एरर, आणि आळ जीसीसीवर.

त्या सीनिअरला मी फार बोलणार नाही. पहिला रस्ता खरंच पाच सेकंदांचा नव्हता. "टक्के"ला कॉन्स्ट लावून बघ म्हटलं तर नवीन एरर आली. ती मेथड एकदा काढलेले टक्के एका मेंबर व्हेरिएबलमध्ये साठवून ठेवत होती, पुन्हा पुन्हा गणित नको म्हणून. म्हणजे बाहेरून बघता काही बदलत नाही, आतून मात्र एक व्हेरिएबल बदलतं. भाषेत यासाठी शब्द आहे, म्युटेबल. त्या मेंबरपुढे म्युटेबल लिहिलं की कॉन्स्ट मेथडलाही तो बदलता येतो. ऑब्जेक्टचा अर्थ तोच राहतो, आतली वही फक्त बदलते. कॅशसाठी हे अगदी रीतसर आहे.

पण एक सावधगिरी. २०११ नंतर स्टँडर्ड लायब्ररी असं गृहीत धरते की एकाच ऑब्जेक्टवरच्या कॉन्स्ट मेथड दोन थ्रेडमधून एकाच वेळी बोलावल्या तरी चालतं. म्युटेबल कॅश असेल तर ते गृहीतक तुम्ही सांभाळायचं असतं, म्युटेक्स लावून किंवा अॅटॉमिक वापरून. दोन थ्रेड एकदम "टक्के" विचारायला आले आणि दोघेही एकाच जागी लिहायला लागले तर डेटा रेस होते. या प्रोजेक्टमध्ये एकच थ्रेड आहे, आणि पाच विषयांची सरासरी काढायला कॅश कशाला, हाही प्रश्न आहेच. कॅश काढून टाकली. "टक्के" कॉन्स्ट झाली, "छाप"ला कॉन्स्ट परत मिळाला आणि चाळीसपैकी एकतीस एरर एका झटक्यात गेल्या.

कॉन्स्ट कास्टबद्दलही विचारलं होतं. कोणीतरी मित्राने सल्ला दिला की कॉन्स्ट कास्ट लाव, सगळं गप्प होईल. गप्प होईल, खरं आहे. मूळ ऑब्जेक्ट कॉन्स्ट नसेल तर ते चालूनही जाईल. पण मूळ ऑब्जेक्टच कॉन्स्ट म्हणून जन्मला असेल आणि तुम्ही कास्ट करून त्यात लिहिलंत, तर ते अनडिफाइन्ड बिहेव्हिअर. कम्पायलरने तो ऑब्जेक्ट रीड-ओन्ली मेमरीत ठेवला असेल तर प्रोग्राम तिथेच पडेल. किंवा त्याची किंमत कधीच बदलत नाही असं धरून त्याने आधीच ऑप्टिमाइझ केलं असेल, मग लिहिलेलं तुम्हाला एकीकडे दिसेल, दुसरीकडे नाही. आणि मग लोक म्हणतात, ऑप्टिमायझरमध्ये बग आहे.

तर कम्पायलरमध्ये बग नसतातच का? असतात, भरपूर असतात. कॉन्स्टचा एक भाऊ आहे, व्होलाटाइल. ही किंमत तुझ्या नकळत बदलू शकते, प्रत्येक वेळी मेमरीतूनच वाच, असं तो कम्पायलरला सांगतो. दोघं एकत्रही येतात, हार्डवेअरच्या एखाद्या रजिस्टरसाठी: मी लिहिणार नाही, पण ते बाहेरून बदलेल. एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी २००८ साली १३ सी कम्पायलर तपासले. तेरापैकी प्रत्येकात व्होलाटाइल हाताळताना चुकीचा मशीन कोड बनतो अशी उदाहरणं सापडली. पुढे २०११ साली रेगर आणि सहकाऱ्यांनी सीस्मिथ नावाच्या टूलचं काम मांडलं. ते आपोआप उलटसुलट पण वैध सी प्रोग्राम बनवायचं आणि ते वेगवेगळ्या कम्पायलरना द्यायचं. उत्तरं जुळली नाहीत की कोणीतरी चुकतंय. त्यातून ३२५ हून जास्त नवे बग रिपोर्ट झाले. तपासलेला प्रत्येक कम्पायलर वैध कोडवर कुठे ना कुठे कोसळला, आणि कुठे ना कुठे गुपचूप चुकीचं उत्तरही देऊन बसला.

म्हणून संशय घ्या, पण आधी कोड कापा. चाळीस फाइल्सचा प्रोजेक्ट घेऊन बग रिपोर्ट करू नका. एरर टिकून राहील इतपत काढत जा, काढत जा. शेवटी दहा-बारा ओळी उरल्या पाहिजेत. आपल्या श्रोत्याने कापलं तेव्हा एक क्लास, दोन फंक्शन आणि एक कॉल एवढंच उरलं, आणि निम्मं उत्तर तिथेच दिसलं. मग त्या दहा ओळी मॅट गॉडबोल्ट यांच्या कम्पायलर एक्सप्लोररमध्ये टाका. ब्राउझरमध्ये चालतं, मोबाइलवरही उघडतं. तिथे जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा, तिन्ही कम्पायलर शेजारी शेजारी लावता येतात.

तिथेसुद्धा मतदान करू नका, दोन विरुद्ध एक म्हणजे एक चूक, असं नसतं. एक गंमत सांगतो. रिकामा क्लास लिहा, त्यात काहीच नाही. त्याचा एक कॉन्स्ट ऑब्जेक्ट जाहीर करा, पुढे काही न लिहिता. कित्येक वर्षं क्लँग याला एरर द्यायचा आणि जीसीसी चालवून घ्यायचा. नियमाच्या अक्षराप्रमाणे क्लँग बरोबर होता: कॉन्स्ट ऑब्जेक्टला सुरुवातीची किंमत हवी, किंवा क्लासला स्वतः लिहिलेला कन्स्ट्रक्टर हवा. पण रिकाम्या क्लासमध्ये किंमत देणार कशाला? जीसीसीचं वागणं शहाणपणाचं होतं. शेवटी नियमच सैल झाला आणि क्लँगही ते स्वीकारू लागला. तिथे चूक असलीच तर नियमात होती. आपल्या टेम्पररीच्या केसमध्ये मात्र १९८९ पासून नियम स्वच्छ आहे.

उरलेल्या नऊ एररचं काय झालं ते सांगतो. आठ ठिकाणी हीच कथा होती, मेथडला कॉन्स्ट नाही. ते करताना मी त्याला एकच सांगितलं, वरून खाली येऊ नकोस, खालून वर जा. सगळ्यात आधी ज्या मेथड दुसऱ्या कोणालाच बोलावत नाहीत, नुसतं नाव देतात, रोल नंबर देतात, त्यांना कॉन्स्ट लाव. मग त्यांना बोलावणाऱ्यांना. वरून सुरू केलं की प्रत्येक कॉन्स्टबरोबर दहा नव्या एरर येतात आणि माणूस रात्री अकरा वाजता सगळं रिव्हर्ट करून झोपतो.

नववी एरर खरी निघाली. "ग्रेसमार्कद्या" नावाचं फंक्शन, साधा रेफरन्स घेणारं, आत खरोखर मार्क वाढवणारं. आणि त्याला दिलं होतं "बनव"मधून आलेलं टेम्पररी. ग्रेस मार्क मिळत होते, पण झेरॉक्सला. विंडोजवर गेली दोन वर्षं हे असंच चालू होतं, कारण डेमोला सगळी मुलं पास झालेलीच दाखवायची असतात.

व्हिज्युअल स्टुडिओत काम करणाऱ्यांनी आज एवढंच करा. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये सी प्लस प्लसच्या लँग्वेज विभागात जा, कन्फॉर्मन्स मोड "येस" करा आणि पूर्ण रिबिल्ड मारा. जुना मोठा प्रोजेक्ट असेल आणि सगळं एकदम झेपणार नसेल, तर निदान ४२३९ ही एक वॉर्निंग एरर म्हणून लावा. किती निघाल्या आणि त्यातल्या किती ग्रेस मार्कवाल्या होत्या, ते मला कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन, नावं न घेता. चला, भेटू.